वरच्या पट्ट्यावरची वहिनी

वरचा पट्टा ओस पडलाय, हे क्लबाला बाहेरच्या साहेबाने येऊन सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

क्लब हौशी रेडिओवाल्यांचा. टायरच्या दुकानावरच्या माडीवर महिन्यातून एकदा भरायचा. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेली, घरात संच आणि गच्चीवर अँटेना बाळगणारी ही मंडळी. परवान्याने त्यांना हवेतल्या लहरींचे कितीतरी पट्टे बोलायला मोकळे करून दिले होते. पण सगळे गोळा व्हायचे ते एकाच जागी. पाण्याच्या टाकीवर क्लबाने एक यंत्र बसवलं होतं, ते एकाचा आवाज पकडून गावभर फेकायचं. तिथे सकाळ-संध्याकाळ झुंबड. आणि बोलणं काय?

"तुमचा आवाज स्पष्ट येतोय."

"तुमचाही स्पष्ट येतोय. हवा कशी आहे?"

"ढगाळ."

"इकडेही ढगाळ."

दोघांच्या घरांमध्ये अंतर दोन गल्ल्यांचं. ढगही तोच. एवढं झालं की दोघेही एकमेकांचे आभार मानायचे, शुभेच्छा द्यायचे आणि मोठं काही साधल्यासारखे संच बंद करायचे.

हे सगळं वहिनीला माहीत होतं, कारण तिचा नवराच क्लबाचा सेक्रेटरी. ती त्यांच्यापैकी कोणाचीच वहिनी नव्हती, पण सेक्रेटरीची बायको म्हणून सगळे तिला वहिनी म्हणत, आणि तेच नाव पडलं. वहिनी कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवत, ती घराच्या मागच्या खोलीत त्यांवर मेण चढवून दात लावायची, साच्यात ॲक्रिलिक भरून उकळायची, घासायची, चकाकवायची. उभ्या आयुष्यात तिने इतकी बोळकी भरली होती की माणसाच्या तोंडाबद्दल तिला फारसा आदर उरला नव्हता. तोंडातून जे बाहेर पडतं त्याबद्दल तर त्याहूनही कमी.

तिने स्वतः परवाना काढला त्याची गंमतच होती. नवरा शाळेत हेडक्लार्क. घरात शब्द मोजून बोलणारा. "भाजी चांगली झालीय" हे वाक्य ऐकायला तिला लग्नानंतर किती वर्षं लागली, ते ती बहिणींना हसत हसत सांगायची. पण रोज संध्याकाळी हा माणूस दार लोटून समोरच्या खोलीत बसायचा आणि आतून बोलण्याचा आवाज यायचा. वहिनीला संशय आला. घरात तोंडाला कुलूप, मग तिथे हा बोलतो तरी कोणाशी? विचारलं तर म्हणाला, "तुला नाही कळायचं, तांत्रिक असतं."

वहिनी पुस्तक घेऊन बसली, परीक्षा दिली, पास झाली, एक जुना संच मिळवून मागच्या खोलीत ठेवला आणि पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याचं बोलणं ऐकलं. ढगाळ. इकडेही ढगाळ.

संशय फिटला. दुसरी एखादी बाई असती, तर निदान विषय तरी बरे निघाले असते, असं ती बहिणीला म्हणाली.

तर त्या महिन्याच्या बैठकीत अध्यक्ष उभे राहिले. अध्यक्षांचं रंगांचं दुकान होतं आणि बोलतानाही ते भिंतीला दुसरा हात मारल्यासारखे प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत. सरकारी साहेब दुकानात येऊन गेले होते. वरचा पट्टा कोणी वापरतच नाही, एका कंपनीला तो हवाय, तुम्हाला नको असेल तर त्यांना देऊन टाकू, असं म्हणाले होते.

माडीवर हाहाकार झाला. आजवर ज्या पट्ट्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तो एकाएकी सगळ्यांच्या काळजाचा तुकडा झाला. समिती नेमावी, अशी सूचना आली. बिल्ले काढावेत, अशी दुसरी. 'पट्टा जगवा' असा फलक करावा, आणि तो कोणत्या रंगात, यावर अध्यक्ष बराच वेळ अधिकाराने बोलले. शेवटी ठरलं, महास्पर्धा घ्यायची. एका दुपारी वरच्या पट्ट्यावर जो जास्तीत जास्त लोकांशी बोलेल त्याला चषक.

"मी एक विचारू का?" वहिनी म्हणाली.

"विचारा की, वहिनी."

"तुमच्या सगळ्यांच्या संचावर वरचा पट्टा आहे ना?"

"आहे. म्हणजे काय, आहेच."

"मग बटण दाबायचं आणि बोलायचं. त्याला चषक कशाला लागतो?"

कोणी छताकडे पाहिलं, कोणी बिस्किटांकडे. मग मागून एक जण म्हणाला, "पण वहिनी, तिथे कोणी नसतंच."

"तुम्ही जात नाही म्हणून नसतं."

"बरं, गेलो. पण तिथे जाऊन बोलायचं काय?"

सगळे खो-खो हसले. सेक्रेटरीसुद्धा हसला. एवढा अभ्यास, एवढ्या तारा, एवढे खांब, आणि आत ठणठणाट. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला होता आणि हसणाऱ्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. वहिनीने पिशवी उचलली आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साचे उकळायला टाकल्यावर तिने संच वरच्या पट्ट्यावर लावला. साचे उकळत असताना तशीही तिला जागेवरून हलता येत नसे. परवान्यातली आपल्या ओळखीची अक्षरं सांगितली आणि विचारलं, "कोणी आहे का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नुसती खरखर. असं तिने रोज चालवलं. हौस म्हणून नाही, तर 'तिथे कोणी नसतं' म्हणणाऱ्यांची जिरवायची म्हणून. वहिनीची बरीचशी चांगली कामं अशीच दुसऱ्याची जिरवायला सुरू झालेली असत.

आणि एका दुपारी खरखरीतून कोणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज, वयस्कर. एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं. 'स' नीट येत नव्हता, 'र' विरघळत होता. त्याच्या परवान्याची अक्षरं पुरती कळायलाही तिला दोनदा विचारावं लागलं. पण वहिनीचे कान धंद्याचे. तिने मनातल्या मनात निदान करून टाकलं आणि मनातलं मनात ठेवायची तिला सवय नव्हती.

"कवळी कुठून करून घेतलीत हो?" ती म्हणाली. "खालची उडतेय तुमची. स्वस्तातली बसवली की असंच होतं. ती घालून बोलण्यापेक्षा काढून बोला, निदान कळेल तरी."

 मग आवाज आला.

"दात... माझेच... आहेत." थोडं थांबून, "जीभ... ऐकत नाही."

वहिनीच्या हातात मेण कापायची सुरी होती. ती तिने खाली ठेवली. इतरांच्या तोंडाकडे बघून त्यांची लायकी ठरवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं आणि इथे तर तोंडही न बघता ठरवली होती. माफी मागायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने विचारलं, "काय झालं होतं, दादा?"

त्याला सांगायला अर्धी दुपार लागली. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. एके दिवशी काम करता करता कोसळला, उजवी बाजू गेली. बाजू हळूहळू परत आली, पण बोलणं आलं ते असं. सून म्हणाली, "बाबा, परवाना आहे ना तुमचा, त्यावर बोलायला लागा, सराव होईल." म्हणून तो टाकीवरच्या यंत्रावर गेला. तिथे क्लबाच्या मंडळींनी त्याला काय सांगावं? माइक तपासा. बॅटरी बदला. तुमचा आवाज फाटतोय. एकाने तर संचच विकत घ्यायची तयारी दाखवली, सुट्या भागांसाठी.

मग तो वरच्या पट्ट्यावर आला. तिथे कोणी नसतं, हे ऐकूनच आला. रोज सकाळी आपली अक्षरं म्हणायची, कोणी आहे का विचारायचं, आणि कोणी नाही याची खात्री पटली की निवांत माइक ठेवायचा.

"आणि मी इतके दिवस हाका मारत होते, त्या ऐकल्या नाहीत?"

"ऐकल्या."

"मग?"

"तुम्ही... फार... जोरात... बोलता."

वहिनी हसली. तिला असं तोंडावर सांगणारा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

त्यानंतर दोघं रोज बोलू लागली. वहिनी साचे उकळता उकळता डॉक्टरांच्या, दाताच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. लिफ्टवाला लिफ्टच्या गोष्टी सांगायचा. अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसं कशी वागतात, कोण आधी रडतं, कोण दार उघडताच आपण जणू घाबरलोच नव्हतो असं केस सारखे करत बाहेर पडतं. एकेक गोष्ट दोन-दोन दुपारी चालायची. वहिनीला थांबून ऐकायचं मुळीच वळण नव्हतं. सुरुवातीला तो शब्दाशी झटत असला की ती मध्येच शब्द पुरवायची. एकदा तो म्हणाला, "तो... नव्हता... शब्द." तेव्हापासून ती जीभ दातांखाली धरून बसायची. हळूहळू आणखी दोघं-तिघं आली. एक अडखळत बोलणारा शिंपी. एक बाई, जिला कमी ऐकू यायचं आणि जी सगळ्यांना सगळं पुन्हा सांगायला लावायची. इथे कोणाला घाई नव्हती, म्हणून ती टिकली.

क्लबाला यातलं काही कळलं नाही. क्लब बिल्ल्यांच्या आकारावर अडला होता.

महास्पर्धेची दुपार उजाडली आणि एरवी ओसाड पडलेल्या पट्ट्यावर वरात घुसावी तशी मंडळी घुसली. पट्टा लांब-रुंद होता, शंभर जोड्या एकमेकांना न भेटता बोलू शकल्या असत्या. पण टाकीवरच्या यंत्राने लावलेली सवय. सगळे पुन्हा एकाच जागी येऊन कोंबले गेले, आणि जागा नेमकी तीच, जिथे वहिनीची मंडळी रोज बसत. प्रत्येकाला स्पर्धेचा एक क्रमांक दिलेला, तो एकमेकांना सांगितला की एक माणूस मोजला जायचा. मग सुरू झाला धुडगूस. "क्रमांक घ्या, आवाज स्पष्ट, धन्यवाद, पुढचा!" "क्रमांक घ्या, स्पष्ट, पुढचा!" बोलणं असं त्यात काही नव्हतंच. बाजारात मेथीच्या जुड्या फेकाव्यात तसे एकमेकांवर आकडे फेकणं चाललं होतं.

लिफ्टवाल्याला स्पर्धेचं अप्रूप वाटलं होतं. आपणही भाग घ्यावा म्हणून सकाळपासून तो आपला क्रमांक म्हणून बघत होता. गर्दीत फट सापडताच त्याने अध्यक्षांना हाक दिली आणि क्रमांक सांगायला लागला. पहिला आकडा निघतो न निघतो तोच अध्यक्ष म्हणाले, "कळत नाही, कळत नाही. माइक बदला, माइक बदला. पुढचा!"

त्याने पुन्हा हाक दिली.

"अहो, कोण आहे हा? वेळ खाऊ नका, वेळ खाऊ नका. पुढचा!"

मग तो आवाज बंद झाला.

मागच्या खोलीत वहिनी हे ऐकत होती. तिने माइक उचलला.

"अध्यक्ष, थांबा."

"वहिनी, तुमचा क्रमांक? तुमचा क्रमांक?"

"माझा राहू द्या. आत्ता जे बोलत होते, त्यांचा माइक उत्तम आहे. तुम्ही कान बदला."

 मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा, आहात का? कालच्या गोष्टीत तो लिफ्टचा दोर तुटता तुटता राहिला होता. पुढे काय झालं?"

 मग आला तो आवाज. "दोर... नव्हता... तुटला." आणि दोघांचं संभाषण सुरू झालं. चालू संभाषणाच्या मध्ये घुसायचं नाही, हा नियम परवान्याच्या पहिल्या धड्यात असतो आणि क्लबाने तो माडीच्या भिंतीवर फ्रेम करून लावला होता. आता करता काय? बाजूला सरकून दुसरी जागा धरायची, बस्स. पण एकालाही ते सुचेना. कळपातली बकरी बाहेर पडेल, पण क्लबातला सभासद नाही. सगळे जिथल्या तिथे चरफडत बसले आणि लिफ्टवाल्याने दोराची गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत, एकेक शब्द करत. ती संपली तेव्हा स्पर्धेची वेळही संपली होती. सर्वांत मोठा आकडा अध्यक्षांचा होता. चषक त्यांनी स्वतःच्याच हातून स्वीकारला.

पुढच्या बैठकीत वहिनीला जाब विचारायचं ठरलं. आरोप वाचायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. घरून दोघं एकाच स्कूटरवर आली.  माडीवर त्याने खाकरून घसा साफ केला आणि खाली मान घालून वाचलं, "सभासद महोदयांनी स्पर्धेत जाणूनबुजून अडथळा आणला, तसंच माननीय अध्यक्षांच्या कानांविषयी अनुचित उद्गार काढले."

"तुम्हाला काही म्हणायचंय, वहिनी?" अध्यक्षांनी विचारलं. "काही म्हणायचंय?"

"पट्टा जगवायला निघालात," वहिनी म्हणाली, "आणि त्यावर रोज बोलणारा माणूस पहिल्या फटक्यात गप्प केलात. परवाना मला सरकारने दिलाय, तो राहील. क्लब तुमचा तुम्हाला."

ती खाली उतरली. नवरा मागोमाग येईल असं तिला वाटलं होतं. तो इतिवृत्त पुरं करायला थांबला. ती चालत घरी आली, आणि त्या रात्रीच काय, पुढचे कित्येक दिवस तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं, पण शब्द ठेवला नाही. त्याला फरक पडला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तसाही तो बोलायचाच किती.

पट्ट्याचं म्हणाल तर तो वाचला. कंपनीला दुसरीकडे स्वस्तात सोय मिळाली आणि तिने अर्ज मागे घेतला. ही बातमी येताच माडीवर पेढ्यांसारखे बिल्ले वाटले गेले, आणि 'महास्पर्धेमुळे पट्टा वाचला' असा फलक अध्यक्षांनी दुकानातल्या उरलेल्या निळ्या रंगात करून घेतला. त्यानंतर क्लबाचा एकही सभासद वरच्या पट्ट्यावर फिरकला नाही. सगळे टाकीवर परतले. ढगाळ. इकडेही ढगाळ.

वरच्या पट्ट्यावर मात्र दुपारी चार-पाच जण नेमाने जमत राहिले. स्पर्धेनंतर लिफ्टवाला काही दिवस आला नव्हता. वहिनीने रोज त्याला हाका मारल्या, या वेळी हळू आवाजात. शेवटी सुनेनेच त्याच्या हातात माइक दिला म्हणे, आणि म्हणाली, त्या बाई थांबायच्या नाहीत, एकदा बोलून टाका.

अशाच एका सुटीच्या दुपारी सगळे बोलत असताना मध्येच त्या पट्ट्याला अनोळखी असा एक खणखणीत आवाज आला. इतका खणखणीत, की संच शेजारच्याच खोलीत असल्यासारखा. तो होताच शेजारच्या खोलीत. सेक्रेटरीने आपली अक्षरं सांगितली आणि म्हणाला, "आपल्या सर्वांचा आवाज स्पष्ट येतोय."

वहिनीने कपाळाला हात लावला. 

"कोण... हे?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"आमचे मालक," वहिनी म्हणाली. "लक्ष देऊ नका. त्यांना बोलता येत नाही."

लिफ्टवाल्याने जरा विचार केला. "मला... झटका... आला होता. त्यांना... काय झालं?"

शिंपी हसला. कमी ऐकू येणाऱ्या बाईने काय झालं, काय झालं म्हणून विचारलं, आणि तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं, नवऱ्याच्या संचावर ते ऐकू येत असतानाच. वहिनीला वाटलं, आता हा बटण बंद करणार. पण समोरच्या खोलीत खुर्ची करकरली, आणि संचावर नुसता श्वास येत राहिला.

"सावकाश," लिफ्टवाला म्हणाला. "इथे... घाई... नाही."

"मी," सेक्रेटरी म्हणाला. थांबला. "मी ते वाचायला नको होतं. बैठकीत."

वहिनीने माइक घट्ट धरला. "हे स्वयंपाकघरात येऊन सांगता येत नव्हतं?"

"नाही."

"का?"

परत नुसती खरखर. तिने सवयीने शब्द पुरवायला तोंड उघडलं आणि मिटलं. साचा उकळत होता. पलीकडून लिफ्टवाला, शिंपी, ती बाई, कोणीही मध्ये बोललं नाही.

"तिथे तू समोर असतेस," सेक्रेटरी म्हणाला. आणि बोलणं संपल्यावर तोंडाला बसलेलं वळण म्हणून घाईघाईने जोडलं, "धन्यवाद, शुभेच्छा."

"शुभेच्छा कसल्या देता," वहिनी म्हणाली. "बसा तिथेच. अजून बरंच बोलायचंय तुम्हाला."